गावजत्रा
ग्रामदैवताच्या वार्षिक उत्सवानिमित्त गावातील सर्व घरे, गावाबाहेर राहणारी मूळची कुटुंबे आणि त्यांचे सगेसोयरे यांनी एकत्र येऊन केलेला देवकार्य, भोजन आणि करमणूक यांचा सोहळा म्हणजे गावजत्रा होय. महाराष्ट्रात गावजत्रा सर्वत्र भरत असल्या, तरी नीरेपासून वारणेपर्यंतच्या सातारा–सांगली परिसरात त्यांचे जाळे विशेष दाट आहे. येथे जवळजवळ प्रत्येक गावाला स्वतःची जत्रा असून तिची तिथी ठरलेली असते. दिवाळी, दसरा, पाडवा हे सण साऱ्या समाजाचे असतात व एकाच दिवशी घरोघरी साजरे होतात. जत्रा मात्र एकाच गावाची असते. सणाला प्रत्येकजण आपापल्या घरी असल्यामुळे आप्तांच्या भेटी होतातच असे नाही. जत्रेच्या दिवशी एक गाव यजमान असते आणि भोवतालची गावे पाहुणी असतात. या परिसरातील कुटुंबांच्या वार्षिक भेटीगाठींमध्ये जत्रेला मोठे स्थान मिळाले, ते यामुळेच.

संज्ञा : ‘जत्रा’ हा शब्द संस्कृत ‘यात्रा’ या शब्दापासून आला आहे. लिखित मराठीत देवस्थानाला जाणे ती यात्रा व देवस्थानापाशी भरणारा मेळा ती जत्रा, असा भेद काही वेळा केला जातो. सातारा–सांगलीकडील बोलीत मात्र दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात आणि ‘आमच्या गावची यात्रा’ असे सर्रास म्हटले जाते. पीराच्या किंवा अवलियाच्या दर्ग्यापाशी भरणाऱ्या मेळ्यास अरबीतून आलेला ‘उरूस’ हा शब्द असून काही गावांत हिंदू देवतेच्या जत्रेलाही उरूस म्हणतात. उरुसाच्या मानपानात अनेक ठिकाणी हिंदू घराण्यांचा आणि जत्रेच्या व्यवस्थेत मुस्लिम कुटुंबांचा वाटा असतो. क्षेत्राच्या ठिकाणी दूरदूरचे भाविक जमतात ती क्षेत्रयात्रा आणि एका गावापुरती मर्यादित असते ती गावजत्रा, असा भेद विवेचनासाठी उपयुक्त ठरतो. मात्र या दोहोंची सरहद्द काटेकोर नाही.

काळ : बहुतेक गावजत्रा माघ ते वैशाख या महिन्यांत येतात. चैत्रात त्यांची सर्वांत अधिक गर्दी असते. रब्बीची ज्वारी व हरभरा घरात आलेला असतो, खरिपाच्या मशागतीला अवकाश असतो, हाती थोडा पैसा असतो आणि पाऊस नसल्यामुळे माणसे व जनावरे उघड्यावर मुक्काम करू शकतात. पौष व मार्गशीर्षातील यात्रांमागेही सुगी आणि जनावरांची खरेदी-विक्री यांचा संबंध दिसून येतो. शेजारच्या गावांच्या तिथी बहुधा एकमेकींना टाळून आलेल्या असतात. त्यामुळे आज जो पाहुणा म्हणून जेवतो, तोच आठ-पंधरा दिवसांनी आपल्या गावी यजमान म्हणून वाढतो. पाहुणचाराची ही फेड हा गावजत्रेचा एक अलिखित नियम आहे. ज्याच्या घरी आपण जेवलो त्याला आपल्या जत्रेचे आवतण न देणे हे संबंध तुटल्याचे लक्षण मानले जाते. उलट, भावकीतील जुना अबोला जत्रेच्या आवतणाने मिटल्याची उदाहरणेही पुष्कळ असतात.

पूर्वतयारी : जत्रेपूर्वी काही आठवडे गावकऱ्यांची बैठक देवळात किंवा चावडीवर भरते. तीत यात्रा समिती निवडून वर्गणी ठरवितात. वर्गणी पूर्वी घरटी, बैलजोडीप्रमाणे किंवा जमिनीच्या मानाने घेत असत. आता ती बहुधा घरटी असते आणि नोकरी-व्यवसायानिमित्त बाहेरगावी राहणाऱ्यांकडून देणगी घेतली जाते. जमलेल्या रकमेतून देवाची पूजाअर्चा, मंडप, दिवाबत्ती, तमाशाचा फड आणि कुस्त्यांची बक्षिसे यांचा खर्च भागवितात. घरोघरी सारवण, रंगरंगोटी व दळणकांडण सुरू होते. कुरडया, पापड, सांडगे ही उन्हाळी वाळवणे जत्रेच्या सुमारास तयार असतात. लेकींना माहेरी आणण्यासाठी भाऊ किंवा बाप जातो. जावयाला, व्याह्याला आणि मामाला आवर्जून बोलावणे धाडतात. पूर्वी हे निरोप बाजाराच्या दिवशी तोंडी जात. पुढे छापील हस्तपत्रिका आल्या आणि आता दूरध्वनीवरून आवतण दिले जाते. तरीही लेकीला आणायला प्रत्यक्ष माणूस जाण्याची रीत अनेक घरांत टिकून आहे.

विधी : या परिसरातील ग्रामदैवतांत भैरवनाथ, जोतिबा, सिद्धनाथ, खंडोबा, म्हसोबा, मारुती आणि जानाई, यमाई, काळूबाई, लक्ष्मी यांसारख्या देवी विशेष आढळतात. भैरवनाथाच्या अनेक जत्रांत देवाचे जोगेश्वरीशी लग्न लावतात. त्यासाठी काही दिवस आधी देवाला हळद लावली जाते. मुख्य दिवशी पहाटे अभिषेक, दुपारी नैवेद्य आणि रात्री छबिना असा क्रम असतो. छबिना म्हणजे पालखीतून निघणारी देवाची रात्रीची मिरवणूक. तीत ढोल, हलगी, सनई, लेझीम व दांडपट्टा यांचे पथक असते. धनगर वस्ती असलेल्या गावांत गजीनृत्य होते. भैरवनाथ, जोतिबा व सिद्धनाथ यांच्या पालखीवर गुलाल-खोबरे आणि खंडोबाच्या पालखीवर भंडारा उधळतात. जोतिबाला मानणाऱ्या गावांतून उंच सासनकाठ्या नाचविल्या जातात. कोल्हापूरजवळील वाडी रत्नागिरीच्या चैत्री यात्रेत पहिल्या सासनकाठीचा मान सातारा जिल्ह्यातील निनाम पाडळी या गावाचा आहे.

जत्रेतील कामे परंपरेने वाटून दिलेली होती. गुरवाने पूजा करावयाची, सुताराने रथ किंवा बगाड जोडावयाचे, परिटाने पायघड्या घालावयाच्या, न्हाव्याने दिवटी धरावयाची, मांगाने हलगी वाजवावयाची आणि पाटलाने पहिला मान घ्यावयाचा, अशी ही वाटणी होती. या व्यवस्थेमुळे प्रत्येक जातीला जत्रेत स्थान मिळत असे. परंतु ते समान नव्हते. ज्यांची हलगी देवापुढे वाजे, त्यांना गाभाऱ्यात, आणि कित्येकदा देवळाच्या पायरीवरही, प्रवेश नव्हता. गावकीच्या अशा सक्तीच्या कामांविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चळवळ केली आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक गावांतील बौद्ध समाजाने ही कामे सोडून दिली. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द झाल्यानंतर या कामांचा आर्थिक आधारही संपला. पुढे भीमजयंती हा स्वतंत्र वार्षिक सोहळा गावोगावी रूढ झाला. चैत्र-वैशाखातील जत्रांच्या मोसमातच येणाऱ्या या सोहळ्यालाही लेकी माहेरी येतात व घरोघर पाहुणे जेवतात.

पाहुणचार व भोजन : जत्रेचा धार्मिक भाग थोड्या मानकऱ्यांच्या हाती असतो, पाहुणचार मात्र प्रत्येक घराचा असतो. साधारणतः पहिला दिवस गोड जेवणाचा व दुसरा दिवस सामिष जेवणाचा असतो. पहिल्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य देवळात पोहोचतो. हरभऱ्याची डाळ शिजवून तिचे पाणी निथळून काढतात आणि डाळ गुळासह शिजवून पाट्यावर किंवा पुरणयंत्रातून वाटतात. निथळलेल्या पाण्याला कट किंवा येळवणी म्हणतात. त्यात भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचे वाटण व मसाला घालून झणझणीत आमटी करतात. पोळीबरोबर दूध किंवा गुळवणी, भात, भजी आणि कुरडई-पापड असतात. एकाच डाळीतून गोड पोळी व तिखट आमटी असे दोन्ही पदार्थ निघत असल्यामुळे मोठ्या पंक्तीला हा बेत सोयीचा ठरतो.

दुसऱ्या दिवशी बोकडाचे मटण असते. मुख्य देवतेला बहुधा गोडाचाच नैवेद्य चालतो आणि सामिष नैवेद्य परिवारदेवतेला किंवा देवळाबाहेरील स्थानाला दाखवितात. भोजन मात्र घरोघरी होते. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र बोकड परवडत नसल्यामुळे चार-सहा घरे मिळून एक बोकड घेतात व त्याचे वाटे करतात. वाट्याच्या या पद्धतीमुळे हातावर पोट असलेल्या घरालाही पाहुण्यांपुढे ताट मांडता येते. कांदा, लसूण, आले, सुके खोबरे, तीळ आणि वर्षाचे कांदा-लसूण तिखट यांच्या वाटणातला पातळ रस्सा, वेगळे काढलेले सुके मटण, लहान मुलांसाठी तिखट न घातलेले अळणी पाणी, ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी आणि भात असा हा बेत असतो. रस्सा पातळ ठेवण्यामागे आवडीइतकाच हिशेबही असतो. ऐनवेळी आलेला पाहुणा त्यात सामावला जातो. माळकरी कुटुंबांत व सामिष न खाणाऱ्या पाहुण्यांसाठी दुसऱ्या दिवशीही शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या चुलीवर होतो.

पंगतीचा क्रम ठरलेला असतो. पाहुणे व मुले आधी, घरचे पुरुष त्यानंतर आणि स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया सर्वांत शेवटी. दोन दिवसांत एका घरात पन्नास-शंभर माणसे जेवून जाणे नवलाचे नसते आणि त्यांच्या भाकऱ्या थापण्याचे काम दोन-चार स्त्रियांवर येते. म्हणून सून व माहेरवाशीण या दोघींची जत्रा एक नसते. माहेरी आलेली लेक आईजवळ बसते, कासाराकडून बांगड्या भरून घेते, मैत्रिणींना भेटते. त्याच घरातील सून चुलीपुढे असते. तीच सून आपल्या माहेरच्या जत्रेत लेक म्हणून जाते तेव्हा हा भार काही अंशी फिटतो, आणि माहेरच्या जत्रेविषयी स्त्रियांना वाटणाऱ्या ओढीचे कारणही त्यातच सापडते. अलीकडे आचारी लावून अंगणात स्वयंपाक करण्याची, तसेच भाकरी विकत आणण्याची पद्धत वाढली आहे.

करमणूक : जत्रेतील करमणुकीत तमाशाला अग्रस्थान होते. गण, गवळण, बतावणी आणि वग असा त्याचा क्रम असून वग पहाटेपर्यंत चाले. तमाशाच्या इतिहासात सांगली जिल्ह्याचे स्थान मोठे आहे. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) हे वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे. लोकनाट्याला नवे सामाजिक आशय देणारे अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) हे त्याच तालुक्यातील वाटेगावचे. कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ ‘जहरी प्याला’ या वगातील हवालदारांच्या भूमिकांमुळे घरोघर माहीत झाले. फड ठरविण्यासाठी गावकरी पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे जातात. पाडव्याच्या सुमारास तेथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि जत्रेच्या तारखेनुसार सुपारी ठरते. एखाद्या फडाची वर्षाची कमाई बव्हंशी जत्रांच्या या मोसमावर अवलंबून असते. त्यामुळे अवकाळी पाऊस, दुष्काळ किंवा निवडणुकीतील निर्बंध यांचा फटका कलावंतांना थेट बसतो. तमाशाला स्त्रिया पूर्वी उघडपणे बसत नसत. त्यांची करमणूक फुगड्या, झिम्मा, गोंधळ, जागरण व बाजार यांत होती. पुढे फिरत्या तंबूतील चित्रपट आले आणि कुटुंबाने एकत्र बसून पाहण्याचे नवे साधन जत्रेला मिळाले.

कुस्त्यांचे मैदान जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भरते. आरंभी लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या व नारळावरच्या कुस्त्या होतात, मग बक्षिसांची रक्कम वाढत जाते आणि शेवटची मोठी कुस्ती नामवंत मल्लांची असते. हलगीच्या ठेक्यावर गावभर फिरून मल्लांना मैदानात आणतात. या मैदानांनी अनेक मोठे मल्ल घडविले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव (१९२६–१९८४) हे कराडजवळील गोळेश्वरचे होते. १९६४ चे हिंदकेसरी मारुती माने हे सांगलीजवळच्या कवठेपिरानचे होते. रेवडीवर लढलेल्या मुलाला सारा गाव ओळखू लागतो, हे त्या कुस्तीचे खरे बक्षीस होय.

बैलगाडा शर्यत हा तिसरा मोठा आकर्षणाचा भाग. आटपाडी, जत व माण परिसरातील खिल्लार बैल या शर्यतींसाठी प्रसिद्ध आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी प्राण्यांच्या छळाच्या कारणावरून अशा शर्यतींना मनाई केली. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. चाबूक व अणकुचीदार वस्तू न वापरणे, पशुवैद्यकीय तपासणी करणे यांसारख्या अटींचे पालन करण्याची जबाबदारी त्यामुळे आयोजक गावांवर आली आहे.

जत्रेच्या बाजारात पाळणे, मृत्युगोल, भांड्यांची व खेळण्यांची दुकाने, गोंदणारणी आणि रंगविलेल्या पडद्यापुढे कुटुंबाचे छायाचित्र काढणारे छायाचित्रकार येत. अनेक घरांतील पहिले एकत्रित छायाचित्र अशा तंबूत, चंद्रकोरीवर किंवा पुठ्ठ्याच्या मोटारीत बसून काढलेले असे. गोडीशेव, रेवड्या, बत्तासे, चुरमुरे, फुटाणे, जिलेबी, भजी, भेळ, उसाचा रस व गारीगार हा जत्रेचा खाऊ. पाहुण्यांच्या मुलांच्या हातावर खाऊसाठी पैसे ठेवणे हे यजमानाचे कर्तव्य समजतात. परतताना देवाचा प्रसाद म्हणून चुरमुरे-बत्तासे नेऊन ते न आलेल्या शेजाऱ्यांत वाटले जातात.

प्रमुख यात्रा : सातारा जिल्ह्यात शिखर शिंगणापूर येथे चैत्र शु. ८ रोजी शिव-पार्वतीचा विवाह होतो व चैत्र शु. १२ रोजी सासवडहून आलेली भुतोजी तेली यांची कावड मुंगी घाट चढून जाते. वाईजवळील बावधन येथे रंगपंचमीस भैरवनाथाचे बगाड असते. होळीच्या रात्री कौल लावून बगाड्या निवडतात आणि कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बैलजोड्या बदलत बगाड गावात ओढून आणतात. पूर्वीच्या काळी गळ टोचण्याची प्रथा होती. आता बगाड्याला शिडाच्या टोकाशी बांधतात. पाल येथे पौषात खंडोबा-म्हाळसा यांचा विवाह, म्हसवड येथे मार्गशीर्ष शु. १ रोजी सिद्धनाथाचा रथ आणि पुसेगाव येथे हिवाळ्यात सेवागिरी महाराजांचा रथोत्सव हे मोठे सोहळे आहेत. पुसेगावच्या रथावर भाविक नोटांच्या माळा वाहतात. सांगली जिल्ह्यात खरसुंडीची सिद्धनाथ यात्रा आणि जतची यल्लमा यात्रा जनावरांच्या बाजारासाठी, तासगावचा गणपती भाद्रपदातील रथासाठी, विटा दसऱ्याच्या पालख्यांच्या शर्यतीसाठी आणि कवठे एकंद दसऱ्याच्या शोभेच्या दारूकामासाठी प्रसिद्ध आहे. या क्षेत्रयात्रांना येणारा भाविक बहुधा आसपासच्या एखाद्या नातेवाइकाच्या घरी उतरतो. म्हणजे मोठ्या यात्रेचा भारही अखेर गावातील चुलीच वाहतात.

लोणंद येथील पालखीमुक्काम : गावजत्रेचे एक वेगळे रूप लोणंद येथे पाहावयास मिळते. सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील हे गाव पुणे–मिरज लोहमार्गावरील स्थानक असून कांद्याची मोठी बाजारपेठ आहे. श्रीज्ञानेश्वरांच्या पादुका घेऊन आळंदीहून पंढरपूरकडे निघालेला पालखी सोहळा आषाढी एकादशीपूर्वी येथे मुक्कामास येतो. आजच्या स्वरूपातील हा सोहळा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी सुरू केला. त्यांचे मूळ गाव आरफळ हेही सातारा जिल्ह्यातच आहे. वाल्हे येथून निघालेला सोहळा नीरा नदीवर येतो, दत्तघाटावर पादुकांना स्नान घातले जाते आणि पूल ओलांडून तो सातारा जिल्ह्यात प्रवेश करतो. त्यानंतरचा पहिला मुक्काम लोणंदचा. तिथींच्या वृद्धिक्षयानुसार हा मुक्काम कमी-अधिक दिवसांचा असतो. लोणंदहून तरडगावकडे जाताना चांदोबाचा लिंब येथे सोहळ्यातील पहिले उभे रिंगण होते.

येथे जत्रेतील सामिष जेवण व तमाशा यांना स्थान नाही. भजन, कीर्तन, रिंगण आणि अन्नदान हेच उत्सवाचे घटक आहेत. परंतु मूळ रचना तीच आहे. गाव यजमान असते, आसपासच्या खेड्यांतील लेकी व पाहुणे पालखीच्या दर्शनासाठी लोणंदला नातेवाइकांकडे उतरतात, रस्त्याकडेला दुकाने व पाळणे लागतात, आणि विशिष्ट दिंडीला विशिष्ट घराने जेवू घालावयाचे अशी नाती पिढ्यान्‌पिढ्या चालतात. वारकरी व यजमान यांच्यात रक्ताचे नाते नसले, तरी दरवर्षी न चुकता होणारी ही भेट नात्यासारखीच जपली जाते. एखाद्या वर्षी दिंडीतील वृद्ध वारकरी आला नाही, तर त्याची चौकशी घरातील सर्वजण करतात. कोविड-१९ च्या साथीमुळे २०२० व २०२१ मध्ये पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस. टी. बसने थेट पंढरपूरला नेण्यात आल्या आणि वाटेवरील सर्व मुक्काम चुकले. २०२२ पासून पायी सोहळा पूर्ववत झाला.

स्थलांतर व जत्रा : सातारा–सांगलीचा पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो आणि पश्चिमेचा डोंगराळ भाग शेतीला अपुरा पडतो. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून येथील पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत व पुढे माथाडी कामगार म्हणून गेले. एका गावची माणसे एका खोलीत दाटीने राहत, खानावळीत जेवत आणि गावाच्या नावाने मंडळ चालवीत. जत्रेची वर्गणी या मंडळाकडून गावी जाई. वर्षातून एकदा मिळणारी रजा अनेकजण जत्रेसाठी राखून ठेवीत. सोयरिकी जमविणे, वाटण्या करणे, घर शाकारणे ही कामेही त्याच दिवसांत उरकत. खानापूर, आटपाडी व तासगाव भागांतील सोने-चांदी गाळणारे गलाई कारागीर भारताच्या निरनिराळ्या राज्यांत पसरले आहेत. तेही गावच्या यात्रेला परततात. या परिसरातील अनेक देवळांचे जीर्णोद्धार, सभामंडप व कमानी अशा परगावच्या पैशातून उभ्या राहिल्या आहेत.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हजारो कामगार कायमचे गावी परतले. ‘मुंबईकर’ म्हणून खाऊ घेऊन येणारा माणूस आता वर्गणी देऊ न शकणारा गावकरी झाला आणि काही वर्षे अनेक जत्रांचा खर्च आटला. पुढे पुणे, पिंपरी-चिंचवड, शिरवळ व लोणंद येथील कारखान्यांत तरुणांना काम मिळू लागले. त्यांचे गाव जवळ असले, तरी रजा कमी असते. म्हणून काही गावांनी तिथी तीच ठेवून तमाशा व कुस्त्या लगतच्या रविवारी घेण्यास आरंभ केला. देवाचा दिवस पंचांगाने व माणसांचा दिवस सुटीने ठरावा, अशी ही तडजोड आहे.

दोष व सुधारणा : जत्रेवर टीका जुनीच आहे. ऐपतीबाहेर खर्च करून कर्जबाजारी होणे, मद्यपान व जुगार, मानपानावरून भांडणे आणि पशुबळी हे दोष समाजसुधारकांनी वारंवार दाखविले आहेत. गाडगेमहाराज (१८७६–१९५६) यात्रेच्या ठिकाणी स्वतः झाडू घेऊन सफाई करीत आणि रात्री कीर्तनातून पशुहत्या, कर्ज व अस्वच्छता यांवर प्रहार करीत. सुरक्षेचा प्रश्न मांढरदेव येथील दुर्घटनेने तीव्रपणे पुढे आला. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेस, काळूबाईच्या डोंगरावर चेंगराचेंगरी व आग यांत सुमारे ३०० भाविक मृत्युमुखी पडले. मृतांत स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने होती, कारण तेथे कुटुंबेच्या कुटुंबे नवस फेडण्यासाठी गेली होती. अरुंद वाट, दुतर्फा दुकाने, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि गर्दीच्या नियोजनाचा अभाव ही कारणे त्यानंतर चर्चेत आली. शासनाने न्या. राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. पुढे डोंगरावर पशुबळी व वाद्ये यांवर निर्बंध घालून दर्शनमार्ग रुंद करण्यात आला. मोठ्या यात्रांच्या पूर्वी प्रशासनाने नियोजन बैठक घेणे, दुकानांची जागा आखून देणे व रुग्णवाहिका ठेवणे या गोष्टी तेव्हापासून अधिक काटेकोरपणे होऊ लागल्या.

सद्यःस्थिती : जत्रेचे बाह्य रूप झपाट्याने बदलले आहे. तमाशाच्या जागी वाद्यवृंद आणि नृत्याचे कार्यक्रम आले, हलगीच्या जोडीला ध्वनिवर्धकांच्या भिंती आल्या, तंबूतील चित्रपट लोपले, आणि छायाचित्रे प्रत्येकाच्या हातातील दूरध्वनीवर निघू लागली. एकत्र कुटुंबे विभागल्यामुळे एका घरी जेवणारे पाहुणे आता चार चुलत घरांत वाटले जातात. ध्वनिप्रदूषणाचे नियम, वर्गणीचा चोख हिशेब आणि वर्गणीतील काही भाग शाळा, पाणी किंवा वृक्षलागवड यांसाठी राखणे यांकडे काही गावांनी लक्ष दिले आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील बहुतेक भेटी आता लग्न किंवा मृत्यू यांच्या निमित्ताने होतात. लग्नाला निवडक माणसे बोलावली जातात आणि मृत्यूच्या प्रसंगी बोलणे होत नाही. ठरलेल्या दिवशी, कोणतेही सुखदुःखाचे कारण नसताना, कोणीही कोणाच्या घरी जाऊन जेवू शकतो अशी संधी जत्राच देते. तमाशा, शर्यत किंवा मिरवणूक यांतील कोणताही एक भाग गळला तरी जत्रा भरते. घरोघरचा पाहुणचार थांबला तर मात्र तिचे रूपांतर केवळ देवदर्शनात किंवा केवळ बाजारात होते. म्हणून पाहुणचाराचे श्रम व खर्च घरातील स्त्री-पुरुषांत आणि गावातील लहान-मोठ्या घरांत किती न्याय्यपणे वाटले जातात, यावर गावजत्रेचे पुढील स्वरूप बव्हंशी अवलंबून राहील.